चिपाडातली साखर

रसवंतीवर उसाची कांडी चरकातून एकदा जाते, मग दुमडून दुसऱ्यांदा, मग लिंबाची फोड आणि आल्याचा तुकडा पोटात घालून तिसऱ्यांदा. शेवटी बाहेर पडतं ते चिपाड. पांढुरकं, जवळजवळ कोरडं. चावून पाहिलं तर गोडीचा मागमूस नाही. गुऱ्हाळावर ते वाळवून चुलवाणात घालतात. साखर कारखान्यात त्यालाच बगॅस म्हणतात आणि ते बॉयलरमध्ये जळतं.

आता थोडा हिशेब मांडू. शंभर किलो उसात साखर असते साधारण बारा-तेरा किलो. तंतूही जवळपास तितकेच, बारा ते चौदा किलो. या तंतूंचं रासायनिक पृथक्करण केलं, तर त्यांचा सुमारे दोन-तृतीयांश भाग साखरेच्याच रेणूंचा निघतो. म्हणजे उसातून आपण जेवढी साखर काढतो, तिच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास साखर चिपाडात तशीच राहून जाते आणि आपण ती जाळतो.

मग ती जिभेला का लागत नाही? पाण्यात भिजवली तर का उतरत नाही? आणि ती काढता आली, तर आंबवून तिचं इथेनॉल करता येईल का? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २०२५ पर्यंत भारतातल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं, आणि त्यातलं बहुतेक उसाचा रस, मळी, मका आणि तांदूळ यांपासून होतं. जी वस्तू माणसाच्या किंवा कोंबड्यांच्या पोटात जाऊ शकते, तीच इंधनाच्या टाकीत जाते. चिपाड, पेंढा, पळाट्या, बांबू यांतली साखर वापरता आली, तर हा ताण बराच हलका होईल. रसायनशास्त्रज्ञ शंभर वर्षांहून अधिक काळ त्यामागे आहेत. त्यातली द्रावकांची वाट मला सर्वांत आशेची वाटते, म्हणून ती इथे जरा सविस्तर सांगतो.

कुडाची भिंत

मावळात आणि कोकणात जुन्या घरांना कारवीच्या कुडाच्या भिंती असत. उभ्या काठ्या जवळजवळ लावायच्या, त्या आडव्या वेलींनी किंवा काथ्यानं आवळायच्या आणि वरून शेणमातीनं लिंपून टाकायचं. वनस्पतीच्या पेशीची भिंत अशीच उभी असते. काठ्यांच्या जागी सेल्युलोज, बांधणीच्या जागी हेमिसेल्युलोज आणि लिंपणाच्या जागी लिग्निन. चिपाडात सेल्युलोज साधारण चाळीस ते पंचेचाळीस टक्के, हेमिसेल्युलोज पंचवीस-तीस टक्के आणि लिग्निन वीस टक्क्यांच्या वर असतं.

सेल्युलोज प्रथम वेगळं काढून ओळखलं ते फ्रान्समधल्या आन्सेल्म पायेन यांनी, १८३८ साली. त्याची साखळी ग्लुकोजची. भातातला पिष्टमय पदार्थ म्हणजे स्टार्च, त्याचीही साखळी ग्लुकोजचीच. फरक आहे जोडणीत. स्टार्चमध्ये ग्लुकोजचे रेणू एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असतात, त्यामुळे साखळीला वळसे पडतात, मधे पोकळी राहते, पाणी आणि आपली लाळ आत शिरते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक रेणू आधीच्याच्या तुलनेत उलटा बसतो. त्यामुळे साखळी सरळसोट आणि चपटी होते. अशा साखळ्या शेजारी शेजारी बसतात, एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरतात आणि थरावर थर चढून सुमारे तीन नॅनोमीटर जाडीची काठी तयार होते. इतकी घट्ट, की पाण्यालाही आत जागा मिळत नाही. म्हणून भात आपल्याला पचतो आणि पेंढा पचत नाही. बैलालाही तो स्वतःच्या बळावर पचत नाही. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात, आणि त्यासाठी त्याला तासन् तास रवंथ करावा लागतो.

हेमिसेल्युलोज हा मिश्र, फांद्या फुटलेल्या साखळ्यांचा गट. त्यातली मुख्य साखर झायलोज, पाच कार्बनची. ही बांधणी तशी कच्ची असते, गरम आम्लानं लवकर तुटते.

खरी पंचाईत लिग्निनची. ते साखरेचं बनलेलंच नसतं. सहा कार्बनच्या कड्या वेड्यावाकड्या जोडून झालेलं, पाण्याशी फटकून राहणारं हे द्रव्य झाडाला उभं राहायला ताठपणा देतं, पाणी वर नेणाऱ्या नळ्या गळू देत नाही आणि बुरशीला आत येऊ देत नाही. जुनं वर्तमानपत्र उन्हात ठेवलं की पिवळं पडतं ते याच लिग्निनमुळे. चांगल्या कागदातून ते काढून टाकलेलं असतं. झाडानं कोट्यवधी वर्षं किडीमुंगीपासून आणि बुरशीपासून वाचायला जी भिंत घडवली, ती आपल्याला मोडायची आहे, आणि तीही आतल्या काठ्या न जाळता.

वाफ, आम्ल आणि बुरशी

आज बहुतेक कारखान्यांत चालते ती वाट अशी. पेंढा किंवा चिपाड कापून त्यात सौम्य गंधकाम्ल मिसळायचं आणि बंद भांड्यात दाबाखाली दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसची वाफ द्यायची. याला पूर्वप्रक्रिया म्हणतात. या उष्णतेत हेमिसेल्युलोज तुटून विरघळतं. मग उरलेल्या लगद्यावर एन्झाइम, म्हणजे सजीवांनी तयार केलेली, विशिष्ट बंध तोडणारी प्रथिनं, सोडायची. ती सेल्युलोजचं ग्लुकोज करतात. ग्लुकोज यीस्टला खाऊ घातलं की इथेनॉल होतं आणि ते ऊर्ध्वपातनानं वेगळं काढता येतं.

या एन्झाइमांची गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि पट्टे भराभर कुजू लागले. कारण शोधताना एक हिरवट बुरशी सापडली, जी कापूस, म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, खाऊन टाकत होती. एल्विन रीज आणि मेरी मँडेल्स यांनी पुढे तिचा अभ्यास केला आणि तिला रीज यांच्यावरून ट्रायकोडर्मा रीसी हे नाव मिळालं. सैन्याला नकोशी झालेली ती बुरशी आज जगभर सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइमांचा मुख्य स्रोत आहे.

या पद्धतीवर चालणारा आपल्याकडचा मोठा प्रकल्प पानिपतला आहे. इंडियन ऑइलच्या या कारखान्याचं उद्घाटन १० ऑगस्ट २०२२ ला झालं. वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल करण्याची त्याची आखणी आहे आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं आहे.

वाट चालती आहे, पण तिच्यात एक मोठी खोट आहे. गरम पाण्यात लिग्निन विरघळत नाही, ते नुसतं मऊ होतं. भिंतीतून सरकत बाहेर येतं, थेंब धरतं आणि भांडं निवू लागलं की ते थेंब पुन्हा सेल्युलोजच्याच अंगावर बसतात. कुडावरचं लिंपण ओलं करून खरवडायला जावं आणि तोच चिखल परत काठ्यांवर वाळावा, तसं. शिवाय लिग्निनला एन्झाइम चिकटतात आणि तिथेच वाया जातात. मग एन्झाइम जास्त घालावे लागतात, आणि ते महाग. उष्णता जास्त दिली तर झायलोजचं फुरफुराल होतं, जे यीस्टला विषारी आहे. कमी दिली तर भिंत पुरती उघडत नाही.

पूर्वप्रक्रियेचा हा टप्पा किती अवघड आहे, हे अमेरिकेनं पैसे मोजून अनुभवलं. २०१४-१५ मध्ये कॅन्सस आणि आयोवा राज्यांत मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करणारे तीन मोठे कारखाने सुरू झाले. २०१९ संपेपर्यंत तिघांचंही इथेनॉल थांबलेलं होतं. तेलाचे भाव पडले हे एक कारण. पण गठ्ठ्यांबरोबर येणारी माती-वाळू आणि पूर्वप्रक्रियेत तुंबणारा, चिकट, एकजीव न होणारा माल हेही तितकंच मोठं.

द्रावक आलं की काय बदलतं

लिग्निनला पाणी नकोसं असतं, पण अल्कोहोल, काही सेंद्रिय आम्लं आणि काही इथर त्याला चालतात. मग पाण्याऐवजी, किंवा पाण्यासोबत, असं द्रावक वापरलं तर? लिग्निन सुटतं आणि द्रावात विरघळलेलंच राहतं. काठीवर परत बसत नाही. घन लगदा गाळून घेतला की हाती येतं बऱ्यापैकी मोकळं सेल्युलोज. गाळलेल्या द्रावात असतं लिग्निन आणि हेमिसेल्युलोजच्या साखरा. तिन्ही घटक तीन वाटांनी जातात. वाफेच्या पद्धतीत लिग्निन शेवटी गाळ म्हणून उरतं आणि बॉयलरमध्ये जातं. इथे ते स्वच्छ वेगळं मिळतं, आणि ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियातले थिओडोर क्लाइनर्ट यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच इथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात लाकूड शिजवून लिग्निन काढून दाखवलं होतं. त्यांना हवा होता कागदाचा लगदा. पुढे १९८९ मध्ये कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात याच तत्त्वावर ‘अल्सेल’ नावाचा प्रात्यक्षिक कारखाना उभा राहिला. इथेनॉल आणि पाणी साधारण निम्मं-निम्मं, तापमान दोनशे अंशांच्या जवळ. लगदा चांगला निघत होता, लिग्निनही विकलं जात होतं, पण इथेनॉलच्या वाफेचा दाब प्रचंड, म्हणून भांडी जाड पोलादाची, आणि सगळा खर्च त्यात. काही वर्षांनी तो बंद पडला.

शिजवलेल्या अशा द्रावाकडे जवळून पाहण्यासारखं असतं. तो काळसर तपकिरी आणि पारदर्शक असतो, बाटली उजेडात धरली तर कडेला लालसर झाक दिसते. त्यात पाणी ओतलं की क्षणात तो गढूळ होतो. द्रावकाचं प्रमाण कमी झाल्यानं लिग्निनला विरघळून राहणं अशक्य होतं आणि ते बारीक कणांनी बाहेर पडू लागतं. थोड्या वेळानं तळाशी तपकिरी थर बसतो. तो गाळून, धुऊन वाळवला की हाताला मऊ लागणारी भुकटी मिळते.

न्यूट्रॉननं पाहिलेलं

द्रावक काम करतं हे माहीत होतं. भिंतीच्या आत नेमकं काय घडतं, हे बराच काळ अंदाजावर होतं. ते दिसू लागलं एका वेगळ्या जोडीमुळे: पाणी आणि टेट्राहायड्रोफ्युरान, थोडक्यात टीएचएफ.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेत चार्ल्स वायमन आणि चार्ल्स काय यांच्या गटानं पाणी आणि टीएचएफ यांच्या मिश्रणात थोडं गंधकाम्ल घालून, दीडशे-एकशेसाठ अंशांना, अर्ध्या तासाच्या आत लाकडातलं आणि मक्याच्या ताटांतलं बहुतांश लिग्निन काढून दाखवलं. उरलेला सेल्युलोजचा लगदा इतका मोकळा होता, की नेहमीच्या साधारण दशांश एन्झाइममध्ये काम होऊ लागलं. वेळ जास्त लागतो, पण एन्झाइमचा खर्च कितीतरी खाली येतो. असं का व्हावं?

उत्तर शोधलं टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं. तिथल्या एका अणुभट्टीतून संशोधनासाठी न्यूट्रॉनचे झोत मिळतात. न्यूट्रॉनचा फायदा असा, की तो पदार्थातून आरपार जातो आणि अणूंच्या केंद्रकांवरून विखुरतो. साध्या हायड्रोजनवरून तो एका प्रकारे विखुरतो आणि ड्युटेरियम या जड हायड्रोजनवरून अगदी वेगळ्या प्रकारे. त्यामुळे साध्या पाण्याऐवजी जड पाणी वापरून, किंवा दोन्ही मोजून मिसळून, संशोधक ठरवू शकतात की मिश्रणातला कोणता घटक उठून दिसावा आणि कोणता पार्श्वभूमीत मिसळून जावा. पॉप्लर जातीचं लाकूड द्रावकासह एका दाबपात्रात ठेवून ते तापवता तापवताच न्यूट्रॉन सोडत राहिले. शिजणाऱ्या लाकडाची आतली घडामोड, शिजत असताना, नॅनोमीटरच्या मापात टिपली गेली. जोडीला महासंगणकावर अणू-अणूचं गणित मांडून तीच प्रक्रिया पाहिली. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं.

जे दिसलं ते मनोहर आहे. पाणी आणि टीएचएफ बाटलीत एकजीव दिसतात. पण भिंतीच्या पृष्ठभागाशी येताच ते विभागतात. सेल्युलोजच्या काठीला सगळ्या बाजू सारख्या नसतात: काही बाजूंवर पाणी ओढून घेणारे गट बाहेर आलेले असतात, तर काही चपट्या बाजूंना पाणी आवडत नाही. पाणी पहिल्या बाजूंना जाऊन चिकटतं, टीएचएफ दुसऱ्या. लिग्निनभोवतीही टीएचएफच गोळा होतं. नुसत्या पाण्यात लिग्निनची साखळी अंग चोरून गोळा होते, कारण शक्य तितका कमी भाग पाण्याला लागावा अशी तिची धडपड असते. टीएचएफनं वेढल्यावर तिला ती गरज उरत नाही; ती उलगडते, सेल्युलोजपासून सुटते आणि लहान लहान तुकड्यांनी द्रावात निघून जाते. आम्लाला तिचे बंध तोडायलाही मग सोपं जातं. तिकडे सेल्युलोजच्या काठीत दोन्ही द्रव आपापल्या बाजूनं शिरायला बघतात, साखळ्या सैल होतात, पाणी आत पोहोचतं.

एकच द्रव हे दोन्ही करू शकत नव्हता. पाण्याला लिग्निन हलवता येत नाही, आणि नुसत्या टीएचएफला साखरेचे बंध तोडता येत नाहीत, कारण त्या तोडण्यात पाण्याचा रेणू स्वतः खर्ची पडतो. मोठ्या मापात एकत्र आणि सूक्ष्म मापात वेगळे, असे दोन द्रव निवडायचे, ही यातून मिळालेली किल्ली. द्रावकांची निवड पूर्वी प्रयोग करून, चुकत माकत होत असे. आता ती विचारपूर्वक करता येऊ लागली आहे.

आणखी दोन वाटा

विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स ड्युमेसिक यांच्या गटानं, जेरेमी लुटरबाखर आघाडीवर असताना, २०१४ मध्ये गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन, थोडक्यात जीव्हीएल, या द्रावकात एन्झाइमशिवायच साखर काढून दाखवली. मक्याची ताटं आणि लाकूड यांतल्या साखरांपैकी सत्तर ते नव्वद टक्के विद्राव्य रूपात हाती आल्या, आणि गंधकाम्ल लागलं केवळ ०.०५ टक्के. इतक्या कमी आम्लात काम भागलं, यालाही कारण आहे. आम्लाचा कार्यकर्ता म्हणजे त्यातला प्रोटॉन. पाण्यात त्याला पाण्याचे रेणू चहूबाजूंनी घट्ट धरून ठेवतात. जीव्हीएलमध्ये ही पकड सैल पडते, प्रोटॉन मोकळा होतो आणि साखळीच्या बंधांवर अधिक जोरानं तुटून पडतो. शेवटी द्रावात दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड सोडला, की साखरा पाण्याबरोबर एका थरात आणि जीव्हीएल दुसऱ्या थरात जातं.

दुसरी वाट आयनी द्रवांची. हे खरं तर मीठच, फक्त शंभर अंशांच्या खालीच वितळणारं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स यांच्या गटानं अशा द्रवात सेल्युलोज सरळ विरघळवून दाखवलं. त्यातल्या क्लोराइड आयनानं साखळ्यांमधले हायड्रोजन बंधच मोडले. इथे लिंपणापाशी न थांबता काठीच विरघळते. गुण मोठा, पण किंमतही मोठी, आणि मीठ असल्यानं उकळून परत मिळवता येत नाही.

चौकट: द्रावक येतात कुठून?

इथेनॉल तर याच कारखान्यात तयार होतं. ते ७८ अंशांना उकळतं. टीएचएफ आज बहुतांशी खनिज इंधनांपासून करतात, पण ते फुरफुरालपासूनही करता येतं आणि फुरफुराल झायलोजपासून, म्हणजे हेमिसेल्युलोजपासून. उत्कलनबिंदू ६६ अंश. जीव्हीएल ग्लुकोजपासून काढलेल्या लेव्ह्युलिनिक आम्लातून तयार होतं आणि २०७ अंशांच्या आसपास उकळतं. ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं, हेमिसेल्युलोजला चिकटलेल्या गटांतून सुटतं, ११८ अंश. फॉर्मिक आम्ल, लाल मुंग्यांच्या दंशातलं, १०१ अंशांना उकळतं. वनस्पतीची भिंत मोडायची हत्यारं बरीचशी त्या भिंतीतूनच निघतात.

गोलाघाटचा बांबू

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं नाही. आसाममध्ये गोलाघाट जिल्ह्यातल्या नुमालीगड तेलशुद्धीकरण कारखान्याशेजारी बांबूपासून इथेनॉल करणारा प्रकल्प उभा राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. भागीदार तीन: नुमालीगड रिफायनरी आणि फिनलंडच्या फोर्टम व केंपोलिस या कंपन्या. तंत्रज्ञान केंपोलिसचं, आणि त्यातलं द्रावक फॉर्मिक आम्लावर आधारलेलं आहे. आराखड्यानुसार वर्षाला सुमारे पाच लाख टन हिरवा बांबू लागेल आणि त्यातून पन्नास हजार टनांच्या आसपास इथेनॉल, एकोणीस हजार टन फुरफुराल आणि अकरा हजार टन ॲसिटिक आम्ल निघेल. बांबू ईशान्येतल्या गावांतून यायचा आहे. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतकऱ्याला तो तोडणं आणि विकणं सोपं झालं. त्याशिवाय असा कारखाना कागदावरच राहिला असता.

फॉर्मिक आम्ल निवडण्यामागे साधा हिशेब आहे. ते लिग्निन विरघळवतं आणि स्वतःच आम्ल असल्यानं हेमिसेल्युलोजही तोडतं. वेगळं गंधकाम्ल लागत नाही. झायलोजचं फुरफुराल होतं, पण ते इथे यीस्टचं विष म्हणून अंगावर येत नाही, कारण ते यीस्टपर्यंत पोहोचण्याआधीच वेगळं होऊन विकाऊ माल ठरतं. हेमिसेल्युलोजला चिकटलेल्या गटांतून सुटणारं ॲसिटिक आम्लही विकता येतं. मोकळा झालेला सेल्युलोजचा लगदा एन्झाइमकडे आणि यीस्टकडे जातो. लिग्निनचं आणि उरलेल्या चोथ्याचं इंधन होऊन वीज व वाफ मिळते.

अडचणी आहेतच. फॉर्मिक आम्ल साधं पोलाद खातं, म्हणून भांडी आणि नळ्या खास मिश्रधातूंच्या लागतात. काही आम्ल सेल्युलोजलाच रासायनिक बंधानं चिकटतं आणि एन्झाइमना अडवतं. ते आधी धुऊन सोडवावं लागतं. शिवाय फॉर्मिक आम्ल आणि पाणी साध्या ऊर्ध्वपातनानं पूर्ण वेगळे होत नाहीत: १०७ अंशांच्या आसपास त्यांचं एक ठरावीक मिश्रण एकत्रच उकळतं.

थेंब न् थेंब परत

माझ्या मते द्रावकाची खरी परीक्षा इथेच लागते. लिग्निन किती छान विरघळतं याच्या बातम्या होतात. कारखाना जगतो तो द्रावक किती परत मिळालं यावर.

एक ढोबळ गणित करून पाहा. समजा, एक टन कोरड्या मालाला पाच टन द्रावक लागलं. शंभरातले नव्व्याण्णव भाग परत मिळाले, असंही समजू. ऐकायला उत्तम वाटतं. पण एक टक्का म्हणजे पन्नास किलो द्रावक दर टनामागे गेलं. त्या टनातून इथेनॉल मिळणार साधारण दोनशे ते अडीचशे लिटर, वजनात दोनशे किलोच्या आत. म्हणजे चार किलो इंधनामागे एक किलोहून जास्त द्रावक उडून गेलं, आणि ते द्रावक बहुधा इंधनापेक्षा महाग. म्हणून नव्व्याण्णव टक्क्यांवर समाधान मानता येत नाही. पुढच्या दशांशांसाठी झगडावं लागतं. लगदा नीट दाबून धुणं, वाफेचा प्रत्येक सांधा बंद ठेवणं, लिग्निनच्या भुकटीत अडकलेला शेवटचा ओलावा काढणं, ही कामं कुणाच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात येत नाहीत. पण खर्चाचा ताळा त्यांच्यावरच जुळतो.

उष्णतेचाही असाच विचार करावा लागतो. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. टीएचएफला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकेच. शिवाय टीएचएफ उकळून येताना पाच टक्के पाणी सोबत घेऊन येतं, पण ते परत पाण्यातच मिसळायचं असल्यानं ते पाणी काढत बसायची गरज नाही. हे त्याचे मोठे गुण. अवगुण असे, की ते चटकन पेट घेतं, आणि हवेशी संबंध आला तर त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. जीव्हीएलला उकळायचं म्हटलं तर २०७ अंश गाठावे लागतात, म्हणूनच कार्बन डायऑक्साइडची ती युक्ती. इथेनॉल स्वस्त आणि ओळखीचं, पण दाबाचं दुखणं घेऊन येतं.

लिग्निनला चांगला भाव मिळाला, तर या हिशेबाला मोठा आधार मिळेल. वाफेच्या पद्धतीत ते जळून, एकमेकांत गुंफून निकामी होतं. द्रावकात ते पुष्कळसं मूळ रूपात राहतं, आणि प्लायवूडच्या सरसात, फोममध्ये किंवा विमानाच्या इंधनासाठी लागणाऱ्या कड्यांच्या संयुगांत त्याचं रूपांतर करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. २०१६ मध्ये लुटरबाखर यांच्याच गटानं, आता स्वित्झर्लंडमध्ये, शिजवताना थोडं फॉर्माल्डिहाइड घातलं तर लिग्निनच्या साखळ्या परत गुंफत नाहीत, असं दाखवून दिलं.

आपल्याकडचा कच्चा माल

महाराष्ट्रात असा कारखाना काढायचा तर पहिलं नाव चिपाडाचं सुचतं, पण ते मोकळं नाही. साखर कारखाने बगॅसवरच स्वतःची वाफ आणि वीज करतात आणि उरलेली वीज विकतात. ते काढून घेतलं तर कारखान्याला दुसरं जळण आणावं लागेल. उसाचं पाचट शेतात मुबलक असतं आणि अनेक ठिकाणी पेटवूनही देतात. पण ते आच्छादन म्हणून सरीत ठेवलं तर पाणी वाचतं आणि जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढतो. सगळं पाचट उचलून कारखान्यात नेणं मला तरी पटत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीच्या पळाट्यांचं तसं नाही. गुलाबी बोंडअळीचे कोष त्यांच्यात दडून पुढच्या हंगामात येतात, म्हणून वेचणी संपली की पळाट्या शेतातून काढून टाका, असंच कृषी विभाग दरवर्षी सांगतो. त्या काढायला मजूर लागतात, काढल्यावर बांधावर ढीग पडतो, आणि तो बहुतेकदा पेटवला जातो. लाकडासारखी कडक, लिग्निननं भरलेली ही काडी वाफेच्या पद्धतीला जड जाते. द्रावकाला मात्र ती चालण्यासारखी आहे. त्यासाठी बांधावरच पळाट्या चिरणारी यंत्रं लागतील, त्या हलक्या, फुगीर मालाची वाहतूक परवडेल इतक्या अंतरात कारखाना लागेल, आणि शेतकऱ्याला टनामागे असा भाव द्यावा लागेल, की काडीपेटी काढण्यापेक्षा गाडी बोलावणं त्याला सोयीचं वाटेल.